ओपनफोम: पाइप बेंडच्या मेशमध्ये पाइपच नाही, नुसता डबा दिसतोय

नवप्रवाही

९० अंशांच्या पाइप बेंडमधला प्रेशर ड्रॉप (दाबातली घट) ओपनफोम या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काढायचा आहे. माहिती अशी: पाणी, आतला व्यास १०० मिमी, सरासरी वेग २ मी/से, बेंडची त्रिज्या व्यासाच्या दीडपट. बेंडच्या आधी ५ व्यास आणि नंतर १० व्यास लांबीचा सरळ पाइप. लॅपटॉपवर विंडोज ११, १६ जीबी रॅम, ४ कोर आणि ८ थ्रेड. डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वर उबुंटू २२.०४ घातलं आहे आणि त्यात ओपनफोम १२.

अडकलंय ते इथे:

१. 'सरफेसफीचरएक्स्ट्रॅक्ट' (आकाराच्या ठळक कडा शोधणारी कमांड) दिलं की 'कमांड नॉट फाउंड' येतं. व्हिडिओत तीच कमांड नीट चालते.

२. तो टप्पा गाळून 'स्नॅपीहेक्समेश' (पाइपच्या आकाराचा मेश, म्हणजे सेलची जाळी, कापणारी कमांड) लावलं. बॅकग्राउंड मेश २ मिमीचा ठेवला तर मध्येच नुसतं 'किल्ड' असं येऊन बंद पडतं. ६ मिमीचा केला तर शेवटपर्यंत जातं, पण पॅराव्ह्यूमध्ये (मेश आणि निकाल चित्रात दाखवणारं सॉफ्टवेअर) पाइपचा पत्ताच नाही, 'ब्लॉकमेश'ने केलेल्या बॅकग्राउंड मेशचा चौकोनी डबा तेवढा दिसतो.

३. ० फोल्डर (सुरुवातीच्या आणि सीमेवरच्या किमतींचं) मोटरबाइक ट्युटोरियलमधून उचललं आहे. फक्त वेग बदलला. बाकीचं तसंच राहू दिलं तर चालेल का?

४. ८ प्रोसेसवर रन लावला तर 'नॉट इनफ स्लॉट्स' म्हणतं.

मधली_वाट

पहिल्या मुद्द्याचं आधी मिटवू, कारण नव्या माणसांचा निम्मा वेळ त्यातच जातो.

ओपनफोम नावाने दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर चालू आहेत. एक ओपनफोम फाउंडेशनचं, त्याच्या आवृत्त्या १०, ११, १२ अशा. दुसरं ओपनसीएफडीचं, त्याच्या आवृत्त्यांचे आकडे वर्ष-महिन्याचे: २४०६ म्हणजे २०२४ चा जून, २४१२ म्हणजे डिसेंबर. २००४ साली खुल्या परवान्याखाली आलेला मूळ कोड एकच, पण आता दोघांच्या फाइलींची नावं, कमांडी आणि डिक्शनऱ्यांची मांडणी बरीच वेगळी झाली आहे. ओपनसीएफडीत 'सरफेसफीचरएक्स्ट्रॅक्ट' आहे, फाउंडेशनमध्ये तेच काम 'सरफेसफीचर्स' करतं. ओपनसीएफडीत 'ट्रान्सपोर्टप्रॉपर्टीज' आणि 'टर्ब्युलन्सप्रॉपर्टीज' या फाइली लागतात, फाउंडेशनमध्ये त्यांच्या जागी 'फिजिकलप्रॉपर्टीज' आणि 'मोमेंटमट्रान्सपोर्ट'. फाउंडेशनने ११ पासून 'सिम्पलफोम'सारखे स्वतंत्र सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारे प्रोग्रॅम) काढून टाकले. तिथे आता 'फोमरन' चालतं आणि सॉल्व्हर म्हणून 'इनकॉम्प्रेसिबलफ्लुइड' हे मॉड्यूल द्यावं लागतं. एसटीएल (पाइपच्या पृष्ठभागाची त्रिकोणांतली फाइल) ठेवायचं फोल्डरसुद्धा वेगळं: ओपनसीएफडीत 'ट्रायसरफेस', फाउंडेशनच्या नव्या आवृत्त्यांत 'जिओमेट्री'.

दोन्हींपैकी कुठलंही वाईट नाही. पण ज्या शाखेची ट्युटोरियलं वाचताय तीच शाखा मशीनवर हवी. तुमच्या व्हिडिओत 'सरफेसफीचरएक्स्ट्रॅक्ट' आहे, म्हणजे तुमच्यासाठी ओपनसीएफडी सोयीचं. आधी 'सुडो ॲप्ट रिमूव्ह ओपनफोम१२' द्या. होम फोल्डरातल्या बॅशआरसी फाइलीत शेवटी 'ऑप्ट' फोल्डरातलं ओपनफोम१२ सोर्स करणारी ओळ असेल, तीही काढा. ही ओळ राहिली आणि नवं घातलं, तर एन्व्हायर्नमेंटची अशी खिचडी होते की एरर वाचून काहीच उमजत नाही. मग ओपनसीएफडीच्या डाउनलोड साइटवरची 'ॲड-डेबियन-रेपो' स्क्रिप्ट चालवायची आणि 'सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल ओपनफोम२४१२-डिफॉल्ट'. शेवटचं 'डिफॉल्ट' विसरू नका. त्याशिवायचं पॅकेज नुसतं सॉल्व्हर चालवण्यापुरतं असतं, त्यात ट्युटोरियलं येत नाहीत.

उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातलं नुसतं 'ओपनफोम' हे पॅकेज घेऊ नका. २२.०४ मध्ये ते १९१२ ही आवृत्ती देतं.

झाल्यावर टर्मिनलमध्ये 'ओपनफोम२४१२' टाइप करा. एन्व्हायर्नमेंट भरलेलं शेल उघडतं, 'एक्झिट' दिलं की बाहेर. बॅशआरसीमध्ये कायमची ओळ घालण्यापेक्षा हे बरं, उद्या दुसरी आवृत्ती शेजारी ठेवता येते. मग 'कॅव्हिटी' ट्युटोरियल होम फोल्डरात कॉपी करून 'ब्लॉकमेश' आणि 'आयकोफोम' चालवा. मूळ जागी चालवायला गेलात तर परवानगी नाही म्हणून अडेल. कॅव्हिटी १०० मिमीची, २० बाय २० सेल, वरच्या झाकणाचा वेग १ मी/से, टाइम स्टेप ०.००५ सेकंद, म्हणजे कूरां नंबर (एका टाइम स्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो) बरोबर १. सेल ४० बाय ४० केले तर टाइम स्टेप ०.००२५ करावी लागते, हे तिथेच एकदा करून बघा.

थंड_सीपीयू

'किल्ड' म्हणजे मेमरी संपली आणि लिनक्सने प्रोसेस मारली. डब्ल्यूएसएल२ मुळात मशीनच्या निम्मीच रॅम घेतं, तुमच्याकडे ८ जीबी. हा पाइप मावेल असा डबा सुमारे ०.७२ × १.२२ × ०.१२ मीटरचा. २ मिमीने भागलात तर बॅकग्राउंडलाच १ कोटी ३० लाखांवर सेल होतात. ८ जीबीत ते बसणार नाहीत.

विंडोजमधल्या तुमच्या युजर फोल्डरात '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' नावाची फाइल करा. त्यात 'डब्ल्यूएसएल२' हा विभाग, मेमरी १२ जीबी, प्रोसेसर्स ८. मग पॉवरशेलमध्ये 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' द्या. हे दिल्याशिवाय बदल लागू होत नाही.

केस सी ड्राइव्हवर ठेवू नका, उबुंटूच्या होममध्ये ठेवा. 'एमएनटी' मधून विंडोजच्या डिस्कवर लिहिणं फार संथ आहे आणि ओपनफोम बारीकसारीक फाइली खूप लिहितं. शिवाय विंडोजच्या नोटपॅडात 'ऑलरन' स्क्रिप्ट उघडून सेव्ह केली की कधी कधी ओळींच्या शेवटी विंडोजची खूण बसते आणि 'बॅड इंटरप्रिटर' येतं. तसं झालं तर 'डॉसटूयुनिक्स' चालवायचं.

८ थ्रेड म्हणजे ८ कोर नव्हेत. ओपनएमपीआय खरे कोर मोजतं, म्हणून ४ च्या वर 'नॉट इनफ स्लॉट्स'. '--ओव्हरसबस्क्राइब' देऊन जबरदस्ती करता येते, पण फायदा नाही, बहुतेकदा उलट वेळ वाढतो. हे गणित प्रोसेसरवर कमी आणि मेमरीच्या बँडविड्थवर जास्त अडतं. 'डीकंपोजपारडिक्ट'मध्ये 'नंबरऑफसबडोमेन्स' ४, मेथड 'स्कॉच', आणि 'एमपीआयरन -एनपी ४ सिम्पलफोम -पॅरलल'. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर रन सुरूच होत नाही. '-पॅरलल' विसरलात तर मात्र रन सुरू होतो, आणि तोच पूर्ण केस चार वेळा शेजारी शेजारी चालत बसतो.

डिस्ककडेही लक्ष असू द्या. 'कंट्रोलडिक्ट'मध्ये 'पर्जराइट' ३ ठेवा. डब्ल्यूएसएलची आभासी डिस्क एकदा फुगली की आतल्या फाइली पुसूनही विंडोजला जागा आपोआप परत मिळत नाही.

जाळीकार

नुसता डबा दिसण्याची कारणं दोनच. एक म्हणजे एसटीएल मिलिमीटरमध्ये आहे. कॅडमधून निघालेली एसटीएल बहुधा मिमीत असते आणि ओपनफोम प्रत्येक आकडा मीटर धरतं, म्हणजे तुमचा पाइप १०० मीटर व्यासाचा झाला. पाऊण मीटरचा डबा त्याच्या भिंतीला कुठे लागणारच नाही, म्हणून स्नॅपी काहीही न कापता काम संपवतं. 'सरफेसचेक' चालवा. बाउंडिंग बॉक्समध्ये ०.७ च्या जागी ७०० दिसलं की झालं निदान. 'सरफेसट्रान्सफॉर्मपॉइंट्स -स्केल ०.००१', पुढे जुन्या आणि नव्या फाइलीचं नाव. दुसरं कारण 'लोकेशनइनमेश' हा बिंदू पाइपच्या बाहेर असणं. तसं असेल तर डब्यात पाइपच्या आकाराची पोकळी दिसते. बिंदू पाण्यातच हवा आणि सेलच्या फेसवर नको, म्हणून ०.१ असा गोल आकडा न देता ०.१०१३७ असा आडनिडा द्या.

एसटीएलमध्ये इनलेट, आउटलेट आणि भिंत हे तीन वेगळे 'सॉलिड' हवेत. मेशमध्ये पॅचला नाव मिळतं ते 'बेंड_इनलेट' अशा धर्तीचं. ० फोल्डरात नुसतं 'इनलेट' लिहिलंत तर 'कॅनॉट फाइंड पॅचफील्ड एंट्री' येणार. 'चेकमेश'च्या (मेश तपासणारी कमांड) आउटपुटमध्ये पॅचची नावं असतात, तिथून जशीच्या तशी उतरवून घ्या.

आता मेशचे आकडे. डबा ०.७२ × १.२२४ × ०.१२ मीटर, ६ मिमीने १२० × २०४ × २०, म्हणजे ४ लाख ९० हजार सेल. बॅकग्राउंडचे सेल घनाकारच हवेत, लांबुळके सेल दिले की स्नॅपी कडा चावल्यासारख्या करतं. डब्याची बाजू एसटीएलच्या इनलेट-आउटलेटच्या पातळीवर येऊ देऊ नका, थोडी बाहेर ठेवा. पाइपच्या आत सगळीकडे लेव्हल १, म्हणजे ३ मिमी. पाइपचं घनफळ ०.०१३६ घनमीटर, तेव्हा आतले सेल साधारण ५ लाख.

भिंतीजवळचा पहिला सेल मनाने ठरवू नका, हिशेब करा. रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले व्यास भागिले व्हिस्कॉसिटी) २ लाख. गुळगुळीत पाइपला घर्षणांक ०.०१५६ च्या आसपास. घर्षणवेग म्हणजे २ गुणिले (०.०१५६ भागिले ८) चं वर्गमूळ, ०.०८८ मी/से. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा प्रवाह सूत्राने धरायची पद्धत) वापरताना वाय प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) ३० ते ३०० हवा. ५० धरला तर सेलचा मध्य भिंतीपासून ०.५७ मिमीवर येतो, म्हणजे पहिल्या थराची जाडी १.१ मिमी. 'रिलेटिव्हसाइझेस' फॉल्स, 'फर्स्टलेयरथिकनेस' ०.००११, 'एक्सपान्शनरेशो' १.३, थर ३. तिसरा थर १.८६ मिमीचा होतो, त्यापुढे ३ मिमीचे सेल. उडी जरा मोठी आहे, पण चालते. थर फक्त भिंतीवर द्या, इनलेट-आउटलेटवर नको. एकूण मेश ७ लाखांच्या आत राहील, तुमच्या मशीनला सहज झेपेल.

स्नॅपी नेहमी '-ओव्हरराइट' देऊन चालवा. नाहीतर १, २, ३ अशी टाइम फोल्डरं तयार होतात आणि 'स्टार्टफ्रॉम लेटेस्टटाइम' असेल तर सॉल्व्हर ३ मध्ये यू (वेगाची फाइल) शोधत बसतो.

नवप्रवाही

शाखा बदलली, एसटीएल लहान केली, पाइप दिसला. पॅचची नावंही जुळली. पण 'सिम्पलफोम' ३७ व्या इटरेशनला 'फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन' देऊन पडतं. त्याआधी लॉगमध्ये 'बाउंडिंग ओमेगा' सतत येतं आणि कंटिन्युइटी एररचा 'सम लोकल' १० च्या १४ व्या घातापर्यंत जातो. 'चेकमेश'मध्ये कमाल नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेलांचा तिरकेपणा) ७१.३, स्क्यूनेस (वेडेवाकडेपणा) ५.२, आणि 'फेल्ड १ मेश चेक्स'. पॅराव्ह्यूमध्ये इनलेटची कड करवतीसारखी दिसते.

जाळीकार

करवतीसारखी कड म्हणजे फीचर एज पकडलीच गेली नाही. 'सरफेसफीचरएक्स्ट्रॅक्ट' चालवून 'ईमेश' फाइल तयार होते खरी, पण 'स्नॅपीहेक्समेशडिक्ट'मधल्या 'फीचर्स' कंसात तिचं नाव लिहिल्याशिवाय स्नॅपी तिच्याकडे बघत नाही. तो कंस रिकामा असणार. नाव लिहा, लेव्हल १ द्या, 'एनफीचरस्नॅपइटर' १० आणि 'एक्स्प्लिसिटफीचरस्नॅप' ट्रू. ५.२ चा स्क्यूनेस त्या कडेवरच्याच फेसेसचा असावा. 'चेकमेश -राइटसेट्स व्हीटीके' दिलं की वाईट फेस वेगळ्या फाइलीत मिळतात, पॅराव्ह्यूत उघडून खात्री करून घ्या.

मधली_वाट

मेश सुधारेलच, पण मोटरबाइकचं ० फोल्डर तसंच ठेवलंय हा मोठा घोळ आहे. तिथे २० मी/से वेगाची हवा आहे, के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) ०.२४ आणि ओमेगा (ती विरण्याचा दर) १.७८. भागाकार केला तर टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी ०.१३५. पाण्याची व्हिस्कॉसिटी १० च्या उणे ६ व्या घाताची, म्हणजे इनलेटलाच गुणोत्तर १ लाख ३५ हजार. पाण्याऐवजी काकवी सोडल्यासारखं. रन टिकला असता तरी उत्तर निरुपयोगी होतं. 'ट्रान्सपोर्टप्रॉपर्टीज'मधला न्यूसुद्धा (व्हिस्कॉसिटी) हवेचाच राहिला असेल, १.५ई-०५. तो १ई-०६ करा.

तुमच्या पाइपसाठी टर्ब्युलन्स इंटेन्सिटी ५ टक्के धरा. के = १.५ × (२ × ०.०५)², म्हणजे ०.०१५. लांबीचं माप व्यासाच्या ०.०७ पट, ०.००७ मीटर. ओमेगा = के चं वर्गमूळ भागिले (०.०९ चा पाव घात × ०.००७), येतं ३२ च्या आसपास. हेच आकडे इंटर्नल फील्डलाही द्या.

इनलेटला वेगाचा वेक्टर न देता 'फ्लोरेटइनलेटव्हेलॉसिटी' लावा, 'व्हॉल्युमेट्रिकफ्लोरेट' ०.०१५७. एसटीएलचा गोल मुळात बहुभुज असतो, त्याचं क्षेत्रफळ किंचित कमी भरतं. फ्लोरेट दिला की पाणी नेमकं तेवढंच जातं आणि दिशा चुकायचाही प्रश्न उरत नाही. आउटलेटला पी (दाब) ० फिक्स्ड, यू साठी 'इनलेटआउटलेट'. इनलेटला पी 'झीरोग्रेडियंट'. भिंतीवर 'नोस्लिप', के साठी 'केक्यूआरवॉलफंक्शन', ओमेगाला 'ओमेगावॉलफंक्शन', नट (टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी) साठी 'नटकेवॉलफंक्शन'.

सुरुवात सौम्य ठेवा. आधी 'पोटेन्शियलफोम' चालवून वेगाचं फील्ड भरून घ्या. पहिली २०० इटरेशन्स यू साठी 'बाउंडेड गॉस अपविंड', मग 'लिनियरअपविंड'. रन चालू असताना 'एफव्हीस्कीम्स' बदललं तरी 'रनटाइममॉडिफायेबल' असेल तर पुढच्या इटरेशनला उचललं जातं. रिलॅक्सेशन पी ०.३, बाकी सगळं ०.७. 'एननॉनऑर्थोगोनलकरेक्टर्स' १, लाप्लासियनला 'गॉस लिनियर लिमिटेड ०.५'. नॉन-ऑर्थोगोनॅलिटी ६५ च्या खाली आली की ही शेवटची दोन बंधनं सैल करता येतील.

आणि लॉग शेवटून वाचू नका. फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन हा निव्वळ पंचनामा आहे. कुठल्या इटरेशनपासून कोणत्या राशीचा रेसिड्युअल (समीकरणात उरलेली चूक) आधी चढू लागला ते शोधा. ओमेगा आधी चढला तर भिंतीजवळचा मेश किंवा इनलेटची किंमत बघायची, पी आधी चढला तर नॉन-ऑर्थोगोनॅलिटी किंवा आउटलेट.

घड्याळकाटा

मला हे सगळं द्राविडी प्राणायाम वाटतं. गोल पाइपला स्नॅपी कशाला? मध्ये चौकोनी गाभा, भोवती चार ब्लॉक असा ओ-ग्रिड 'ब्लॉकमेश'मध्येच होतो. बेंडच्या कडा 'आर्क' ने द्यायच्या. सेल प्रवाहाच्या दिशेने लांबवता येतात, म्हणून २ लाखांत काम भागतं, थर कोसळायची भानगड नाही आणि नॉन-ऑर्थोगोनॅलिटी स्नॅपीपेक्षा बरीच खाली राहते. हाताने शिरोबिंदू लिहायचा कंटाळा असेल तर सालोमेत मेश करून यूएनव्ही काढा आणि 'आयडियाजयूएनव्हीटूफोम'.

जाळीकार

बेंडसाठी मान्य, ओ-ग्रिड सरसच. पण उद्या यांना फ्लॅंजची खाच किंवा व्हॉल्व्ह घालायचा झाला की ब्लॉक नव्याने रचत बसावं लागेल. एकाच बेंडचा प्रश्न असेल तर घड्याळकाटा म्हणतात तसं करा.

नवप्रवाही

रन टिकला. ९०० इटरेशन्सनंतर सगळे रेसिड्युअल १ई-०४ च्या खाली गेले. इनलेटवरचा सरासरी पी १.०४ आला. म्हणजे प्रेशर ड्रॉप १.०४ पास्कल? फारच कमी वाटतोय. आणि 'रिकन्स्ट्रक्टपार' केल्यावर पॅराव्ह्यू विंडोजमधून उघडता येईल का?

थंड_सीपीयू

येईल. केस फोल्डरात 'टच बेंड.फोम' करून रिकामी फाइल बनवा. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये डाव्या बाजूला लिनक्स दिसतं, तिथून ती फाइल विंडोजच्या पॅराव्ह्यूत उघडा. 'रिकन्स्ट्रक्टपार' न करताही चालतं, रीडरमध्ये 'डीकंपोज्ड केस' निवडायचं.

मधली_वाट

'सिम्पलफोम'चा पी म्हणजे दाब भागिले घनता, एकक मी²/से². 'पी' फाइलीतल्या 'डायमेन्शन्स'च्या ओळीत तेच लिहिलेलं आहे. पाण्याच्या घनतेने, ९९८ ने, गुणा: साधारण १०३८ पास्कल. 'फोर्सेस' फंक्शन वापराल तेव्हाही 'रोइन्फ' ९९८ द्यायला विसरू नका.

आता हा आकडा तपासा. सरळ पाइपचा दर मीटरला सुमारे ३१० पास्कल, दीड मीटरचे ४६५. उरले ५७०. ते सगळे बेंडचे नव्हेत. तुम्ही इनलेटला सपाट वेग दिला आहे. तो पुढे पूर्ण विकसित आकार घेतो तेव्हा गतिज ऊर्जेत जवळपास ५ टक्के वाढ होते, आणि गतिज दाब २००० पास्कल असल्याने तिथेच १०० पास्कलच्या आसपास जातात. बेंडचा लॉस कोइफिशंट (बेंडमधली घट भागिले गतिज दाब) मग ०.२३ च्या आसपास पडतो. या त्रिज्येच्या गुळगुळीत बेंडला ०.२ ते ०.३ अपेक्षित असतो, तेव्हा आकडा जागेवर आहे.

रिपोर्टमध्ये घालण्याआधी तीन गोष्टी करा. रेसिड्युअलवर विसंबू नका, इनलेटच्या सरासरी पी चा आलेख काढा आणि तो आडवा झाला आहे का बघा. बेंडच्या आतल्या बाजूला प्रवाह सुटतो, तिथे आकडा हलत राहिला तर शेवटच्या काहीशे इटरेशन्सची सरासरी घ्या. दुसरं, अशाच मेशचा नुसता सरळ पाइप चालवा. विकसित भागात दर मीटरला पी ०.३१ ने उतरला नाही तर बेंडच्या आकड्यालाही अर्थ नाही. तिसरं, 'सिम्पलफोम -पोस्टप्रोसेस -फंक वायप्लस' चालवून हिशेबातला ५० प्रत्यक्षात किती आला ते बघा. बेंडच्या आतल्या बाजूला ३० च्या खाली गेलेला सापडेल, तो भाग लहान असेल तर सोडून द्या.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाची ओपनफोमवरची स्पोकन ट्युटोरियलं फुकट आहेत, केसची रचना समजायला चांगली. बरीचशी जुन्या आवृत्त्यांवर केलेली आहेत, तेव्हा फाइलींची नावं तुमच्या २४१२ च्या ट्युटोरियल फोल्डरातूनच घ्या.